पहिल्या रविवारचा रस

आमच्या चर्चमध्ये आजारातून उठलेल्या माणसाने साक्ष द्यायची पद्धत आहे. पुढे यायचं, माइक हातात घ्यायचा आणि प्रभूने कसं वाचवलं ते सांगायचं. मध्येच गळा दाटून येतो, मंडळी आमेन म्हणतात, आणि मग सगळे चहाला जातात. माझे केमोचे डोस संपून सात महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, पण मी अजून साक्ष दिलेली नाही. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, बघू.

साक्ष द्यायची तर आधी काहीतरी वाटायला हवं ना. मला गेलं दीड वर्ष फारसं काही वाटलेलं नाही. रडू नाही, राग थोडा, आनंद जवळजवळ नाहीच. असं माइकवर सांगितलं तर लोक पुन्हा प्रार्थनेला घरी येतील. पाळकबाई म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिहून द्या, आज ज्यांच्या हातात रिपोर्ट पडलाय त्यांच्या उपयोगी पडेल. ते पटलं. बोटांना पेन कळत नाही, त्यामुळे अक्षर भयंकर आलंय. ते लावून टाइप करायचं काम माझ्या मुलाच्या, संदेशच्या, गळ्यात घातलं आहे.

रिपोर्टचा दिवस

चार-पाच महिने रक्त जात होतं. मी मूळव्याध समजून चालले. मलम लावलं, इसबगोल घेतलं, तिखट सोडलं. अशा जागेचं दुखणं, सांगणार कोणाला? यजमानांनाही मी धड सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्या बायकांना माझं सांगणं आहे की लाज बाजूला ठेवा आणि लवकर दाखवा. मी दाखवलं तेव्हा उशीर झाला होता, पण हाताबाहेर गेलं नव्हतं.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये संदेश बरोबर होता. डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत बोलले. त्यांना वाटलं असावं, म्हातारीला काय कळतंय. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत मी सत्तावीस वर्षं पॅकिंगला काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची गाठ, हा शब्द मी औषधांच्या माहितीपत्रकांवर शेकडो वेळा वाचलेला होता. डॉक्टरांच्या टेबलावर कॅलेंडर होतं, त्याचं पान मागच्याच महिन्याचं राहिलं होतं. ते उलटावं, एवढंच माझ्या मनात आलं.

बाहेर पार्किंगमध्ये संदेश बाइकला टेकून रडायला लागला. मी त्याला म्हटलं, बॅगेची चेन उघडी आहे, फाइल पडेल. अंबरनाथला आल्यावर शिवमंदिराच्या रस्त्याला मी मेथीची जुडी घेतली. पहिली पिवळी निघाली, ती परत दिली. घरी येऊन निवडली, भाजी टाकली. जेवताना संदेशने त्याच्या वडिलांना सांगितलं. माझे यजमान अबोल माणूस. हातातला भाकरीचा तुकडा खाऊन ते म्हणाले, भाजी चांगली झाली आहे.

लोक विचारतात, त्या क्षणी काय वाटलं? मेथी कोवळी होती, हे आठवतं. भीती नव्हती असं नाही. पण शेजारच्या घरात कोणी बोलत असावं तशी ती होती. आवाज यायचा, शब्द लागत नव्हते.

चार नंबरची खुर्ची

ऑपरेशन झालं. त्यानंतर बारा डोस, दर पंधरा दिवसांनी. त्या खोलीत सहा आरामखुर्च्या होत्या आणि मला बहुतेक वेळा चार नंबरची मिळे. सिस्टर बदलापूरच्या पुढच्या एका गावातली होती. "मावशी, आज कंचा हात देताव?" असं विचारायची, जणू मी लग्नाला आले आहे आणि ती मेंदी काढणार आहे. मी जो हात पुढे करीन तो ती दोन्ही हातांत घेऊन चोळायची, शीर वर यावी म्हणून. ते चोळणं मला आवडायचं. आजारपणात लोक आपल्याला हात लावायला घाबरतात, हे कोणी आधी सांगत नाही.

पाच नंबरवर उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ असायचे. पडद्याच्या कापडाचं दुकान होतं त्यांचं. ते दर वेळी घरचे भाजलेले पापड डब्यातून आणायचे आणि खोलीभर वाटायचे. माझ्या जिभेवर तेव्हा सगळ्याचीच लोखंडासारखी चव यायची. मी नको म्हटलं तर म्हणाले, "खाओ मौसी. स्वाद नहीं तो आवाज़ तो आएगी." खरंच, पापड मोडल्याचा आवाज डोक्यात घुमायचा आणि खाल्ल्यासारखं वाटायचं. नवव्या डोसला त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं होतं.

बोटांचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. सुरुवातीला थंड काही धरलं की सुया टोचायच्या. फ्रीजचं दार उघडायचं तरी हातमोजे घालायचे. सातव्या डोसनंतर सुया गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. बटण लागेना, सुईत दोरा ओवता येईना. एकदा एकच चप्पल पायात घालून मी जिना उतरून खाली गेले, दुसरी वरच राहिली होती. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येईल किंवा येणार नाही. अजून तरी आलेली नाही.

घरी मंडळी प्रार्थनेला यायची. बहुतेकांचं येणं बरं वाटायचं. एका बाईंनी मात्र विचारलं की आयुष्यात एखादं पाप कबूल करायचं राहून गेलंय का, आठवून बघा. मी म्हटलं, तुम्ही आधी चहा घ्या, निवतोय. यजमान रोज संध्याकाळी बायबल काढून एक स्तोत्र वाचायचे. मी पंख्याकडे बघत बसायची. मला प्रार्थना करता येत नव्हती. तोंड उघडलं की आत कोणीच नसल्यासारखं वाटायचं. आमेन मात्र वेळेवर म्हणायची, तेवढी शिस्त अंगात होती.

टेबल

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पावाचा तुकडा खायचा आणि पेलाभर द्राक्षरस प्यायचा. त्याचं टेबल लावायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे होतं. बाहेरच्या माणसाला हे काम दहा मिनिटांचं वाटेल. शुक्रवारी संध्याकाळी काळी मनुका सात पाण्यांनी धुऊन भिजत घालायची. शनिवारी ती त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायची, कुस्करायची, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची आणि साखर घालून पुन्हा एक कढ आणायचा. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पांढरं कापड अंथरायचं, पावाच्या कडा काढून चौकोनी तुकडे करायचे, आणि लाकडी ट्रेच्या खाचांमधले काचेचे इवलेसे पेले एकसारखे भरायचे. चौऱ्याऐंशी पेले. पॅकिंगच्या लाइनवर माझ्या हातून कधी चूक गेली नाही, तशी इथेही गेली नव्हती, निदान मी तरी तसं समजत होते.

एक नियम होता. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागेपर्यंत तो रस कोणी चाखायचा नाही. पवित्र शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, पाळकसाहेबांनीही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आधी टेबल लावणाऱ्या पंडितबाई तसं करायच्या. आपल्याकडे देवापुढे ठेवायचं आधी तोंडाला लावत नाहीत, ते आमच्या आज्या-पणज्यांच्या हाडात मुरलेलं, चर्चमध्ये आलं तरी सुटलं नाही. मी तर त्या नियमाचा अभिमान बाळगायची. इतक्या वर्षांत चव न बघता माझा रस कधी बिघडला नव्हता.

माझ्या ऑपरेशनच्या महिन्यात हे काम एस्तरने केलं. एस्तर बदलापूरला राहते, तिथेच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमच्या पंचकमिटीत ती सगळ्यात तरुण. तिने बाजारातून द्राक्षाच्या सरबताची बाटली आणली आणि पाणी घालून पेले भरले. हे मला अंथरुणावर कळलं. पोटाला टाके होते, उठवत नव्हतं, पण संताप झाला. तिसऱ्या डोसनंतर उभं राहता आलं तशी मी टेबल परत घेतलं. डॉक्टर नको म्हणाले, संदेश नको म्हणाला. यजमानांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा असं वाटत होतं की टेबल माझ्याकडे आहे तोवर मी आहे. इतकं साधं होतं ते, आणि इतकं चुकीचं.

सगळे प्रेमाने वागले तो रविवार

दहाव्या डोसनंतर महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा मी टेबल लावलं. ट्रेमध्ये पेले ठेवताना दोन फुटले, मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. उपासना झाली, पाव फिरला, रस फिरला. मीही प्याले. लोखंड लागलं, ते तर पाण्याचंही लागायचं.

उपासनेनंतर लोक माझ्याशी नेहमीपेक्षा प्रेमाने वागले. तीन बायकांनी मिठी मारली. पीटरकाका, ज्यांचं ब्लड प्रेशर सगळ्या मंडळीला पाठ आहे, नळावर बराच वेळ पाणी पीत होते. मला वाटलं, आज प्रवचन मनाला भिडलेलं दिसतंय.

दोन आठवड्यांनी पाळकसाहेब घरी आले. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते म्हणाले की ताई, उपचार संपेपर्यंत टेबलाचं काम एस्तरकडे देऊ या, तुम्ही आराम करा. मी विचारलं, माझं काय चुकलं ते सांगा. ते म्हणाले, काहीच चुकलं नाही. पाळकाने खोटं बोलायचं नसतं, त्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं, ते बशीकडे बघत होते. मी म्हटलं, चुकलं नाही तर मी करते. त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. मी त्या प्रार्थनेला आमेन म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. कॅन्सरला मी रागावले नव्हते, देवावरही नाही, कारण तिथवर काही पोचतच नव्हतं. पण पाळकसाहेबांवर, एस्तरवर, सगळ्या कमिटीवर मला राग आला होता. मी मेले नाही तोवर माझी जागा रिकामी करायला निघाले, असं वाटत होतं.

काजल

काजल माझी सून. उल्हासनगरच्या सिंधी घरातली. आमच्याकडे येऊन तिला नऊ वर्षं झाली. चर्चला येते, माझ्या शेजारी बसते, पण बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि घे म्हणून आम्ही तिच्या मागे लागत नाही. त्यामुळे रसाचा ट्रे तिच्यासमोरून तसाच पुढे जातो. माझ्या आजारपणात स्वयंपाकघर, औषधं, फाइल, ऑपरेशननंतर पोटाला लावलेली पिशवी बदलणं, सगळं तिने केलं. पिशवी म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. सख्ख्या मुलीला सांगायला लाजावं असं काम तिने तोंड वाकडं न करता केलं.

पुढच्या प्रभुभोजनाआधीचा शुक्रवार आला. मी ठरवलं होतं, कोणी काही म्हणो, रस मीच करणार. सगळं आधी ओट्यावर मांडून ठेवायची माझी सवय, म्हणून मनुका, पातेलं, फडकं काढलं आणि फळीवरचा तिसरा डबा ओढला. आमच्याकडे सगळे स्टीलचे डबे एका मापाचे आहेत आणि तिसरा साखरेचा.

काजल मागून आली आणि तिने डब्यावर हात ठेवला.

"मम्मी, रुको. त्यात मीठ आहे."

मी डब्यात पाहिलं. पांढरे, जाडसर खडे. मी चिमूट बोटांत घेतली, चोळली. काहीच कळलं नाही.

"जाडं मीठ आहे. आमच्याकडे तेच वापरतात ना. तुम्ही दहाव्या डोसला हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा मी डब्बे बदलले." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मागच्या टाइमला पण हाच डब्बा घेतला होता तुम्ही. सोमवारी बघितलं तर अर्धा खाली. मेरी गलती है, मम्मी. रोज सोचती थी बताऊँ."

मी डब्याचं झाकण लावलं. कोणाकोणाला माहीत आहे, असं विचारलं.

"सगळ्यांना, मम्मी," ती म्हणाली. "सबने पिया ना."

मी विचारलं, मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस. ती म्हणाली की लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, चर्चच्या त्या सामानाला हात लावायचा नाही, म्हणून मला वाटलं त्याबद्दल बोलणंही माझं काम नाही. मी असं बोलले होते. मला आठवत होतं, आणि कोणत्या सुरात बोलले होते तेही.

बाहेरच्या खोलीत यजमान पेपर वाचत होते. मी जाऊन समोर बसले.

"तुम्ही प्यायलात?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

"प्यायलो."

"थुंकून टाकावंसं नाही वाटलं?"

"पाळकसाहेबांनी आधी प्यायला. त्यांचा चेहरा मी बघितला. ते काही बोलले नाहीत, मग आम्ही काय बोलणार." मग म्हणाले, "तू टेबलाशी उभी होतीस. कापलेल्या बोटांना पट्ट्या होत्या तुझ्या."

मला लाज वाटली. वर्षभरात स्वच्छ, ठळक अशी वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती लाज निघाली. ब्याऐंशी माणसांनी खारट रस डोकं खाली घालून गिळला. पीटरकाकांना तर डॉक्टरांनी पापडसुद्धा बंद केलेला आहे. त्यातल्या एकानेही महिनाभर शब्द काढला नाही. ही माया होती, हे मला कळत होतं. पण कळणं आणि वाटणं यांच्यात तेव्हा बरंच अंतर होतं.

तिथेच बसून मला पंडितबाई आठवल्या. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे, रस कापडावर सांडायचा. कोणी सांगायला धजत नव्हतं, आणि कमिटीने एकदाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चर्चला येणंच सोडलं. पेले-कापडाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली ती एका पाकिटात, कोणाच्या तरी हाती. पाकिटात चिठ्ठी नव्हती. रस किती उकळायचा, फडकं कोणतं, हे मला त्यांनी कधी सांगितलंच नाही, मी चुकत चुकत शिकले. बाई दोन वर्षांनी गेल्या. मी त्यांना एकदाही भेटायला गेले नव्हते, कारण मला वाटायचं की आपण त्यांचं काही घेतलंय.

माझ्यासारख्या आजारी माणसांना एक सांगते. शरीराचं काय होणार ते आपल्या हातात फारसं नसतं. पण जे काम आता आपल्याकडून होत नाही, ते कसं सोडायचं, हे काही दिवस तरी आपल्या हातात असतं. ते दिवस मी रागावण्यात घालवत होते. बावीस वर्षं जे टेबल लावलं ते माझं नव्हतंच. ज्याचं होतं त्याने मला ते दिलं होतं आणि आता परत मागत होता. हे सगळं मला डोक्याने समजलं. मन भरून आलं वगैरे काही झालं नाही. पण मन भरून येण्याची वाट बघत बसले असते तर रविवार निघून गेला असता.

मी यजमानांना एस्तरला फोन लावायला सांगितलं. म्हटलं, उद्या सकाळी घरी ये, मनुका माझ्याकडे आहेत, बाटली आणू नकोस. मग काजलला म्हटलं, मनुका तू धू. ती म्हणाली, मी? मी म्हटलं, सात पाणी, आणि देठ काढ.

शनिवार

एस्तर दहाला आली. घाबरलेली होती. तिला वाटलं होतं, बाटलीवरून बोलणी खायला बोलावलंय. मी स्टुलावर बसले आणि सांगत गेले, ती करत गेली. आच कमी कर. कुस्करताना बिया फोडू नकोस, कडवट होतं. फडकं चौपदरी, दुपदरी नको. पिळायचं नाही, आपलं आपण गळू दे. तिने पिळलंच. मी गप्प बसले, आणि हे मला किती जड गेलं ते माझ्या कंपनीतल्या बायकांना विचारा.

साखर घालायची वेळ आली. काजलने डबा पुढे केला, आता त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. एस्तरने दोन वाट्या घातल्या, ढवळलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"बास का, मावशी?"

"मला विचारू नकोस. मला काही कळत नाही. चाख."

ती तशीच उभी राहिली. आमच्या मंडळीतल्या सगळ्या बायांना तो नियम माहीत आहे. "चाखायचं नसतं ना?"

"माझा नियम होता तो. आता काम तुझं आहे, तुझ्या जिभेने ठरव."

तिने चमच्याने थोडा घेतला, फुंकला, चाखला. अजून अर्धी वाटी घातली. पुन्हा चाखला. मग चमचा ठेवला आणि ओढणीने डोळे पुसायला लागली. त्या रविवारी तीही प्यायली होती. मी म्हटलं, ढवळ, खाली लागेल. नंतर तिला कपाटाची किल्ली दिली, कापड कसं धुवायचं, कुठल्या पेल्यांना तडे आहेत, कोणाच्या घरून पाव येतो, ते सांगितलं. माझ्याकडे जे काही होतं ते सांगून संपायला वीस मिनिटं लागली. आणखी बरंच असेल असं मला वाटलं होतं.

पातेलं झाकून ती बदलापूरच्या रिक्षात बसली. मी खिडकीतून बघत होते. मांडीवर पातेलं, त्यावर दोन्ही हात. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. थोडं दमल्यासारखं वाटलं.

रविवार

प्रभुभोजनाच्या रविवारी बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांबरोबर चर्चमध्ये शिरले. आमच्याकडे बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. मी तिसऱ्या बाकावर काजलशेजारी बसले. कापडाची घडी मधोमध आली नव्हती. मी तिकडे बघणं सोडून दिलं, म्हणजे प्रयत्न केला.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला. इतकी वर्षं या वेळी मी पेले मोजत असायची, कोणाचा कमी पडेल का ते बघत असायची. त्या दिवशी मोजायला काही नव्हतं. हात मांडीवर होते आणि त्यांना मांडी लागत नव्हती. मी मनात एवढंच म्हटलं, मी आले आहे. वर्षभरातली माझी पहिली प्रार्थना. त्यापुढे शब्द आले नाहीत.

बायकांच्या बाजूला ट्रे घेऊन एस्तर आली. माझ्यापुढे वाकली. मी पेला उचलायला हात घातला. पेला खाचेत घट्ट बसलेला असतो, तो चिमटीत धरून सरळ वर घ्यावा लागतो. माझी बोटं त्याच्यावरून घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. शेजारचा पेला डचमळला. एस्तरचे दोन्ही हात ट्रेखाली अडकलेले. मागच्या बाकावर कोणी खोकलं नाही, हललं नाही. सगळे पुन्हा एकदा गप्प बसले होते, माझ्यासाठी. ते सोसायला तयार होते, आणखी कितीही वेळ.

मी हात मागे घेतला.

"मला उचलता येत नाही," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, पुरुषांच्या बाजूलाही ऐकू गेलं असेल. "काजल, तू दे."

काजलने एस्तरकडे पाहिलं, मग पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेबांनी मान हलवली. तिने दोन बोटांनी पेला सरळ वर उचलला, माझा हात धरून बोटं त्याच्याभोवती एकेक करून मिटवली, आणि मी पिईपर्यंत आपला हात तिथेच ठेवला.